फुंक्या कुठे झोपायचा

निवेदक : …आणि आपल्या या दुपारच्या गप्पांत आता एका चाहतीची फार गोड चिठ्ठी आहे, दादा. ‘तुमच्या गाण्यांना जो मातीचा गंध आहे, तो लहानपणापासूनच तुमच्या श्वासात होता का?’

गायक : लहानपणी माझ्या श्वासात टायरचा वास होता. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर राहायचो आम्ही. माती बघायची तर कुंडीपाशी जावं लागायचं, आणि कुंडी शेजाऱ्यांची.

निवेदक : मंडळी, दादांचा हा मिश्कील स्वभाव…

गायक : मिश्कील कसला? तुमच्या पत्रकात छापलंय, मी म्हणे मेंढपाळांकडून गाणं शिकलो. मेंढी मी पहिल्यांदा बघितली ती गाडीच्या काचेतून. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की गाणं मागायची माझी छातीच झाली नाही.

निवेदक : नाही, पण लोकसंगीत म्हटलं की जरा वातावरण लागतं ना, दादा.

गायक : मग पंखा बंद कर. होईल वातावरण.

निवेदक : पुढची चिठ्ठी! ‘गावोगाव फिरताना, खिडकीतून निसर्ग बघताना गाणी आपोआप सुचत असतील ना?’

गायक : दौऱ्यावर माणसाला एकच गोष्ट सुचते, गाडी आडबाजूला कुठे थांबवायची ती. आणि खिडकीतला निसर्ग म्हणजे पुढच्या ट्रकची मागची बाजू. सहा-सहा तास तीच. तिच्यावर गाणं करू?

निवेदक : आणि हा तर सगळ्यांच्याच मनातला प्रश्न. ‘इतकी वर्षं एकत्र. तुमचा बँड म्हणजे एक कुटुंबच झालं असेल?’

गायक : कुटुंबाला दरवाजे असतात. रुसलं की आत जाऊन कडी लावता येते. गाडीत रुसायचं कुठे? ढोलवाल्याशी मी एक अख्खा हिवाळा बोललो नव्हतो. मांडीला मांडी लावून बसायचो आणि ड्रायव्हरकरवी निरोप द्यायचो.

निवेदक : किती निरागस! बरं, ही चिठ्ठी जरा गमतीची आहे. ‘तुमच्यात घोरतं कोण?’

गायक : वा! तिकीट काढून येतात, दोन तास गाणं ऐकतात, आणि विचारायचं काय, तर घोरतं कोण. उद्या विचारतील, दात कुठल्या हाताने घासता.

शेवटच्या रांगेतली : मला तेच विचारायचंय.

निवेदक : हो हो, मागच्या ताई! माईक द्या त्यांना जरा.

शेवटच्या रांगेतली : माईक नको, माझा आवाज पोचतो. तुमचा जुना बासरीवाला गाडीत कुठे झोपायचा?

गायक : घ्या! आलंच ते.

शेवटच्या रांगेतली : पुढच्या सीटवर की मागे? बसून की आडवा होऊन? आणि कुठल्या कुशीवर?

गायक : बाई, आता कुशीसुद्धा? त्याच्यावर प्रबंध लिहिताय का?

शेवटच्या रांगेतली : जेवताना पाणी आधी प्यायचा की नंतर? झोपेतून उठवलं तर चिडायचा का?

गायक : त्याच्या तब्येतीला आराम हवा होता, म्हणून तो थांबला. नवीन बासरीवाला चांगला आहे, त्याला ऐका. बाकी तो कुठल्या कुशीवर झोपायचा याच्याशी कुणाला काय करायचंय?

शेवटच्या रांगेतली : मला करायचंय. मी त्याची मुलगी आहे.

निवेदक : अरे बापरे! मंडळी, काय हा क्षण! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!

शेवटच्या रांगेतली : टाळ्या कशाला? मी काही जिंकलेलं नाही.

निवेदक : ताई, तुम्हाला कल्पना नसेल, पण आज संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्ही मंचावर तुमच्या वडिलांची रिकामी खुर्ची ठेवणार आहोत. तिच्यावर फक्त एक प्रकाशझोत. तुम्ही जर येऊन तिथे त्यांची बासरी ठेवलीत ना…

शेवटच्या रांगेतली : माणूस जिवंत आहे हो अजून. खुर्चीतच बसलेला असतो. फक्त ती खुर्ची माझ्या घरात आहे, तिच्यावर तुमचा झोत पडत नाही.

निवेदक : तसं नव्हतं म्हणायचं मला…

गायक : गप बस जरा. आणि चहा सांग सगळ्यांना.

निवेदक : मंडळी, आपण छोटीशी विश्रांती घेऊ या. चहा बाहेरच्या व्हरांड्यात आहे. दादा, तुम्हाला इथे आणू?

गायक : मला काही नको. तू पण जा. आणि जाताना हे माईक बंद कर.

(लोक बाहेर जातात. गायक मंचाच्या कडेला पाय सोडून बसतो. ती मधल्या रांगेपर्यंत येऊन थांबते.)

गायक : ये, बस. केवढी झालीस! इतक्या लांबून ओळखलंच नाही मी. पूर्वी काका म्हणायचीस मला.

शेवटच्या रांगेतली : काका घरात येतात, पाणी पितात, दोन शब्द बोलतात. तुम्ही उंबऱ्याबाहेरून हॉर्न वाजवायचात, आणि वडिलांना नेऊन मोकळे.

गायक : हॉस्पिटलात आलो होतो मी. तू दारातूनच परत पाठवलंस.

शेवटच्या रांगेतली : तुमच्याबरोबर कॅमेरावाला होता.

गायक : तो आयोजकांचा होता.

शेवटच्या रांगेतली : असेल. माणूस नाकातोंडात नळ्या घालून पडलाय आणि हा मला सांगतो, ताई, जरा उशाशी बसा, फ्रेम छान येईल. शिवाय तुमचा तो गुच्छ. त्याच्यावर बँडचं नाव केवढं, आणि वडिलांचं? मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तपासणीच्या तक्त्यावर सगळ्यात खालची ओळ असते ना, तेवढं.

गायक : बरं, झालं? अजून काही राहिलं असेल तर तेही बोलून घे.

शेवटच्या रांगेतली : बोलायला नाही आले. विचारायला आलेय. ते जेवत नाहीत.

गायक : म्हणजे?

शेवटच्या रांगेतली : उजवं अंग गेलं, वाचा गेली, हे तुम्हाला माहीत आहे. गिळता येतं त्यांना. डॉक्टरांनी तपासलंय. पण मी घास पुढे केला की तोंड फिरवतात. दात घट्ट आवळून घेतात. औषधाबरोबर पेलाभर दूध तेवढं जातं, बस्स. आता डॉक्टर म्हणतायत, हा आठवडा बघू, नाहीतर पुन्हा नळी घालू.

गायक : त्याला आवडीचं काही करून दे ना.

शेवटच्या रांगेतली : काय आवडतं त्यांना?

गायक : तू मला विचारतेस?

शेवटच्या रांगेतली : मग कुणाला विचारू? आई गेली. असती तरी तिला कुठे ठाऊक होतं? महिन्यातले चार दिवस घरी असायचे, तेही झोपून. मला त्यांच्या शर्टाचं माप माहीत नाही हो. हॉस्पिटलच्या बाईने विचारलं, कुठल्या कुशीवर झोपायची सवय आहे, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला वाटलं असेल, ही शेजारीण आहे.

गायक : तुझ्याबद्दल नेहमी बोलायचा तो. गाडीत बसला की…

शेवटच्या रांगेतली : हे मंचावरचं वाक्य आहे.

गायक : …हो. आहे.

शेवटच्या रांगेतली : मग खरं सांगा.

गायक : नाही बोलायचा. कुणीच घरचं बोलायचं नाही. एकाने विषय काढला की सगळ्यांचीच तोंडं उतरायची, मग वाजवणार कोण? फुंक्या तर एरवीही मोजकंच बोलायचा.

शेवटच्या रांगेतली : फुंक्या?

गायक : त्याला फुंक्याच म्हणायचो आम्ही. बासरीवरून नव्हे हं. चुलीवरून. कुठेही उतरलो की हा आधी विटा शोधायचा, चूल मांडायचा आणि फुंकत बसायचा. आमचा स्वयंपाक तोच करायचा ना.

शेवटच्या रांगेतली : कोण?

गायक : फुंक्या. तुझा बाप. भात काय, बटाट्याचा रस्सा काय… अंडी तर अशी करायचा की ढोलवाला नुसत्या वासाने भांडण विसरायचा. कुणी आजारी पडलं तर पेज करून चमच्याने भरवायचा. माझे शर्टसुद्धा त्यानेच धुतलेत कितीदा. मुक्कामाच्या खोलीत गेला की आधी बेसिन ताब्यात घ्यायचा.

शेवटच्या रांगेतली : माझे वडील?

गायक : का? घरी नाही करायचा?

शेवटच्या रांगेतली : घरी त्यांनी प्यालेला पेला कधी उचलला नाही. आई तापाने फणफणली होती तेव्हाही पाटावर येऊन बसले, आणि ती उठली. मला वाटायचं, त्यांना येतच नाही काही. एखाद्याला नसतं येत, अशी समजूत घातली मी मनाची. आणि तुम्ही सांगताय, पेज करून भरवायचे! चमच्याने!

गायक : चिडू नकोस.

शेवटच्या रांगेतली : का नको चिडू? येत नव्हतं, ते चाललं असतं मला. येत होतं! सगळं येत होतं, आणि ते सगळं तुमच्यावर खर्च झालं. एका ढोलवाल्यावर! आम्ही काय पाप केलं होतं?

गायक : घरी गेलं की पाहुण्यासारखं वाटायचं आम्हा सगळ्यांनाच. कुठला डबा कुठे आहे तेही माहीत नसायचं. माझी बायको तर म्हणायची, तुम्ही मधेमधे येऊ नका, बसा. मग बसायचं.

शेवटच्या रांगेतली : किती सोयीचं! बसा म्हटलं की बसायचं. जाऊ नका म्हटलेलं मात्र कधी ऐकू आलं नाही तुम्हाला. एवढे सुराचे कान असून!

गायक : …त्याला कसं भरवतेस तू?

शेवटच्या रांगेतली : कसं म्हणजे? दुकानातून आले की आधी त्यांचं ताट करते. समोर बसते, घास करते, तोंडापाशी नेते.

गायक : आणि तू कधी जेवतेस?

शेवटच्या रांगेतली : नंतर. त्यांचं आटोपलं की. म्हणजे ते तोंड फिरवून मोकळे झाले की.

गायक : तिथेच गडबड आहे. फुंक्या कधीच आधी जेवायचा नाही. सगळ्यांना वाढायचा, सगळ्यांचं झालं की पातेलं तिरकं करून बघायचा, आणि मग ताटली गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्याने खायचा. एकटा, आमच्याकडे पाठ करून. त्याला वाढायला कुणी उठलं की भूक नाही म्हणायचा. एकदा त्याच्या वाढदिवसाला आम्ही त्याला आधी बसवलं, तर उपाशी झोपला गाढव.

शेवटच्या रांगेतली : घरी त्यांचं ताट पहिलं असायचं. आईचं आणि माझं मागून.

गायक : आणि खायचा?

शेवटच्या रांगेतली : चिवडायचे. आई म्हणायची, बाहेरच्या खाण्याने तोंडाची चव गेलीय. एवढं करून ती मग रडायची स्वयंपाकघरात.

गायक : तू त्याच्यासमोर जेव आधी. चांगलं पोटभर. तुझं झालंय हे दिसू दे त्याला. मग ताटली त्याच्या डाव्या हाताशी ठेव आणि उठून जा. भरवू नकोस. बघू पण नकोस.

शेवटच्या रांगेतली : म्हणजे पाठ फिरवायची. ते जमेल मला, त्यांच्याकडूनच शिकलेय.

गायक : सांडेल. सांडू दे.

शेवटच्या रांगेतली : मीठ?

गायक : जरा जास्तच. आणि करपलेलं आवडतं. पातेल्याच्या बुडाचं खरवडून त्यालाच ठेवायचो. पाणी जेवण झाल्यावर, आधी नाही. झोपायचा मागच्या बाकावर, ढोलाला पाठ टेकून, डाव्या कुशीवर. त्याला पाठीला काहीतरी टणक लागायचं, त्याशिवाय डोळा लागायचा नाही.

शेवटच्या रांगेतली : मी मऊ उशा लावतेय. तीन-तीन.

गायक : काढून टाक. फळी लाव, लाकडाची पेटी लाव.

शेवटच्या रांगेतली : घोरायचे?

गायक : नाही. घोरायचो मी. तो शीळ घालून मला गप्प करायचा.

शेवटच्या रांगेतली : बघा, एवढंच होतं. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी मला तिकीट काढून मातीचा गंध ऐकावा लागला.

गायक : फोन करायचा होतास.

शेवटच्या रांगेतली : तीनदा केला. तुमचा तो गोड बोलणारा म्हणाला, दादा चाहत्यांचे फोन घेत नाहीत.

गायक : मी येऊ का त्याला भेटायला?

शेवटच्या रांगेतली : कशाला? रिकामी खुर्ची बघायला?

गायक : एकटा येईन. कॅमेरा नाही, गुच्छ नाही. अंडी करतो त्याच्यासमोर बसून. मला त्याच्यासारखी येत नाहीत, करपतात. पण तेच हवंय त्याला.

शेवटच्या रांगेतली : आणि त्यांनी तुमच्याकडूनही तोंड फिरवलं तर?

गायक : तर आपण दोघं खाऊ. तो बघेल.

शेवटच्या रांगेतली : …कार्यक्रम आहे ना तुमचा संध्याकाळी?

गायक : उद्या सकाळी येतो.

शेवटच्या रांगेतली : उद्या मी घरीच आहे. या. पण गाडी कोपऱ्यावरच ठेवा, आणि हॉर्न वाजवू नका.

गायक : झोपलेला असतो का तेव्हा?

शेवटच्या रांगेतली : नाही. रस्त्यावर कुणाचाही हॉर्न वाजला, की ते अजून डावा पाय खाली सोडून चप्पल शोधतात.