विमानाची वाट, साडेसात इंच

एकाचाही विश्वास बसला नाही हो बाई माझ्यावर! हात जरा वर धरा — बाहीखाली टाचणी आहे, टोचली तर मला बोलू नका. मी म्हटलं चौदा तास, तर सगळं घर हसलं. सगळ्यात मोठ्यांदा कोण? आमचे धाकटे दीर, मास्तर — वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतात. त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली आणि जाहीर केलं — लेकीच्या गावाला विमान एकोणीस तास घेतं. झालं! माझ्या पायांना सूज येते, डॉक्टरांनी बजावलंय, सोळा तासांच्या वर बसून राहायचं नाही. म्हणजे तिकडे लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आईने इथे तुमच्या कोटाला अस्तर लावत बसायचं! लेक फोनवर ओरडून सांगतेय, आई, चौदाच — तर मास्तर म्हणतात, वहिनी, पोरी आईला धीर द्यायला कमीच सांगतात.

वळा. मी शिकले चौथीपर्यंत, पण गोल वस्तूला कापड बसवण्यात माझा जन्म गेलाय. गोल टोपी उसवा आणि टेबलावर सपाट पसरून दाखवा — ताणल्याशिवाय पसरते? नाही पसरत. मग एवढी गोल पृथ्वी भिंतीवर सपाट झाली, ती काय न ताणता? शाळेत गणवेश द्यायला गेले, तर मोठ्या बाईंच्या टेबलावर पृथ्वीचा गोल — उचलला. एक बोट आपल्या गावावर, एक लेकीच्या, मध्ये दोरा ताणला. आणि काय सांगू, दोरा पार वर सरकला, बर्फावरून गेला! टेप लावली — साडेसात इंच. मास्तरांच्या वाटेने फिरवला, तर सव्वादहा. आता बोला! येताना तासभर जास्त लागतो म्हणे, वारा समोरून असतो — लागू दे, येताना घाई कोणाला आहे?

काल तीच टेप मास्तरांच्या गळ्यात अडकवली. म्हटलं, भाऊजी, पोरांना हेच शिकवता? तर मान खाली, कान लालबुंद. म्हणतात, वहिनी, पृथ्वी गोल आहे एवढं मलाही कळतं, पण मला तसं सांगायला लावलं. कोणी? मी समोरचा चहाचा कप उचलून नेला, तेव्हा बोलले — तीन महिने हे घर खायला उठेल म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाला नाही कसं म्हणू? अस्सा राग आला म्हणता! एकतीस वर्षांत एक दिवस वेगळं राहिलो नाही, म्हणून काय माझी वाट अडवायची? मला नाही का काही वाटत? चौदा तास शेजारी कोण परका बसणार... ते राहू द्या. डोळ्यात दोऱ्याची कुसं गेलीत, दुसरं काही नाही.

शुक्रवारी निघतेय मी, ठरलंय. कोट उद्या घेऊन जा, एवढी काजं राहिलीत. सकाळपासून तिकडे पडद्यामागे एकच काज चाललंय — कान सगळे इकडे ना! हसताय काय? अजून ओळखलं नाहीत? दुसरं कोण असणार, बाई — आमचे हे!