कावळ्यांना उजाडलं

...आणि वर हीच मला विचारते, ‘अहो, हे दिवे रस्त्यासाठी लावलेत की कावळ्यांसाठी?’ तुम्हाला सांगतो, हिच्यासाठीच लावले होते हो ते दिवे! मोटरसायकलचा मूळचा दिवा म्हणजे नुसता मिणमिण... आणि त्या मिणमिणीत एकदा भर संध्याकाळी मी हिला मागे घेऊन थेट खडीच्या ढिगात शिरलो. लागलं कुणालाच नाही, पण ही उठली, कपडे झटकले आणि म्हणाली, ‘यापुढे मी बसने.’ झालं! तेव्हापासून ही बसमध्ये, आणि मी रिकामी मागची सीट घेऊन बसच्या मागे, धूर खात! लाजायचं काय त्यात, मला तिचा खांद्यावरचा हात परत हवा होता. आणि तेवढ्यासाठी थोडा उजेड हवा होता हो, दुसरं काय!

मग गेलो रिलेकाकांकडे. गाड्यांचं वायरिंग करतात. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, ‘रिले टाकू!’ रिले म्हणजे मध्ये बसवायची एक छोटी डबी; दिव्यांचा भार ती घेते, बटणावर येत नाही म्हणे, बटण जळत नाही. हॉर्न बसला? रिले टाकू. पंखा गरम होतो? रिले टाकू. जावई बोलत नाही, असं कुणी सांगितलं तरी हे आधी रिलेचा डबाच उघडतील! पण हात सोन्याचा. दोन्ही बाजूंना एकेक जादा दिवा बसवला, बटण वेगळं दिलं आणि म्हणाले, ‘घरी भिंतीसमोर उभी करून दिशा लावून घ्या, भाऊ. उजेडाचा गोळा दिव्याच्या उंचीहून जरा खाली यायला हवा. मग नट आवळा.’

आणि काय सांगू तुम्हाला... दिवेलागणीला मी अंगणात भिंतीसमोर बसलो आणि बटण दाबलं. दोन गोळे! दुधासारखे! भिंतीचा पोपडान् पोपडा दिसायला लागला, आणि त्या पोपड्यांत मला रस्ते दिसायला लागले... वळणं, नदी, पूल, आणि मागे ही, काहीतरी गुणगुणत... टक, बंद. टक, चालू. वरच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, ‘अहो, भिंतीला काय नजर लावताय?’ मी कुठे ऐकतोय! मी पुलावर होतो!

नट आवळले. हिला भिंत दाखवली. ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘बरं. एकदाच.’

निघालो. ही मागे बसली, खांद्यावर हात आला... अहाहा! आणि बटण दाबलं तर रस्ता गुडुप! सगळा उजेड झाडांत! दोन्ही बाजूंची झाडं आतून पेटल्यासारखी हिरवी, पान न् पान वेगळं, आणि आम्ही त्या हिरव्या बोगद्यातून तरंगत... ‘अहो, घरटं! ते बघा, दुसरं!’ कावळे बिचारे उजाडलं समजून उठले, काव काव करत डोक्यावरून फिरायला लागले! तेव्हाच हिनं ते कावळ्यांचं विचारलं. पण हसत विचारलं हो... आणि तेवढ्यात मी खड्ड्यात. मला उजेड हवा होता, पण खाली हवा होता!

रिलेकाकांनी एकच विचारलं, ‘दिशा लावताना मागे कोण होतं?’ म्हटलं, कुणीच नाही. कपाळावर हात मारून म्हणतात, ‘वहिनी बसल्या की मागचा शॉकअप दबणार, पुढचं नाक वर जाणार! जे माणूस न्यायचं, ते बसवून दिवे लावा!’

आता हे घरी कोणत्या तोंडानं सांगू? ‘अगं, तू बसलीस की गाडी आभाळाकडे बघते’? मला त्याच घरात जेवायचंय ना! म्हणून वाळूची पोती आणली, सीटवर ठेवली, दोरीनं आवळून बांधली, आणि भिंतीसमोर पाना घेऊन बसलो... तर ही दारात उभी.

‘हे काय आहे?’

‘हे... हे म्हणजे तू.’

‘दोन पोती?’

मी पाना पाठीमागे लपवला. मग ही म्हणाली, ‘उतरवा ती.’ उतरवली. ही स्वतः चढून बसली, पदर खोचून म्हणाली, ‘लावा आता काय लावायचं ते.’ लावले. चोख लावले!

आणि दुसऱ्या रात्री काय रस्ता दिसला! खडा न् खडा! मला दिसला तसा हिलाही दिसला! ‘खड्डा! डावीकडे घ्या! इतकं डावीकडे नाही! कुत्रं! अहो, ब्रेक!’ खांद्यावरचा हात सुटून कॉलरवर आला. उजेड मला हवा होता हो, हिला कुणी द्यायला सांगितला होता? घरी आल्यावर खाली उतरली, आणि हळूच म्हणाली, ‘पहिलंच बरं होतं... झाडं दिसायची.’

मग काय करता? आता उजवा दिवा माझा, रस्त्यावर. डावा तिचा, झाडांत. ही वर बघत गुणगुणते, अगदी खरंच गुणगुणते... उजव्या बाजूचे खड्डे मला दिसतात, डाव्या बाजूचे आदळल्यावर कळतात. आणि कळला, की खांदा असा घट्ट धरला जातो म्हणता... तेव्हापासून गाडी मी जरा डावीकडूनच चालवतो. कंबर गेली, ती गेली!