‘ऐकून घ्या’च्या भावंडांना निरोप देताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, शहराचे नवे प्रशासक महोदय. व्यासपीठावर बसलेले त्यांचे सहकारी अधिकारी. सत्कारमूर्ती वकीलताई आणि त्यांचे धाकटे बंधू, आपले दातांचे डॉक्टर. आणि इतक्या संख्येने जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो! मागे भिंतीला टेकून उभे असलेले काही पाहुणे माझ्या ओळखीचे नाहीत, त्यांनाही नमस्कार. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या. नको? बरं, राहा उभे.

ग्रंथालयाची कार्यवाह म्हणून निरोपाचे चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्षांनी मघाशी आपुलकीने बजावलं, “बाई, गोड बोला आणि थोडक्यात बोला.” गोड बोलायचा प्रयत्न करते. थोडक्यात बोलणं मला संसाराच्या इतक्या वर्षांत घरातसुद्धा जमलेलं नाही.

‘ऐकून घ्या’ हा पॉडकास्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकला, पण तो सुरू कसा झाला हे किती जणांना ठाऊक आहे? या दोघांच्या आईमुळे. ताई सरकारच्या कडक टीकाकार, डॉक्टर सरकारचे कट्टर समर्थक, आणि दोघं राहायला एकाच घरात! रोज जेवताना खडाजंगी. एकदा आईने वाढता वाढता हात आखडता घेतला. म्हणाली, “हा काय म्हणाला ते आधी तू तुझ्या शब्दांत सांग. त्याने ‘हो, हेच म्हणालो’ म्हटलं, तरच तुला वाढते.” त्या दिवशी म्हणे अन्न पार निवून गेलं, पण भांडण झालं नाही. आई गेल्यावर दोघांनी तोच नियम धरला आणि माझ्याकडे येऊन मुलांच्या वाचनकक्षाचा मागचा कोपरा मागितला. आवाज घुमू नये म्हणून पुस्तकांच्या कपाटांवर घरची पांघरुणं टाकली. डॉक्टर म्हणाले, “लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदाच आहे. बंद करायला ताई आहेच.”

हसलात, बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत या सभागृहात कुणी हसलेलं नाही.

पाहुणे दोन बाजूंचे यायचे. आधी दुसऱ्याचं म्हणणं मांडायचं, त्याने मान डोलावली की मग आपलं. शिंप्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकांवर लोक कान देऊन ऐकायचे. यात वावगं काय होतं? मलाही काही दिसलं नव्हतं.

मग जमावबंदीवरचा भाग झाला. एका बाजूला सरकारी रुग्णालयातल्या नर्सबाई, दुसऱ्या बाजूला आपले बसचे ड्रायव्हरकाका. काका म्हणजे सरकारविरुद्ध कुणी ब्र काढला तर त्याचा स्टॉप आला तरी गाडी थांबवणार नाहीत, असा माणूस! नर्सबाईंचं बोलून झालं. काकांनी डोकं खाजवलं आणि सावकाश म्हणाले, “म्हणजे बाई, तुमचं म्हणणं असं, की रात्रपाळी संपल्यावर घरी जायचं कसं, हे विचारायला चौघी जणी साहेबांच्या दाराशी उभ्या राहिल्या, तर तो गुन्हा धरला.”

“हो. तेवढंच.”

मी दाराशी उभी होते, काकांचा चेहरा मला दिसत होता. मग म्हणाले, “तसं असेल तर हे बरोबर नाही. माझं चुकलं.”

मशीन बंद केल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “काका, शेवटचं वाक्य काढून टाकू?”

“कशाला? बोललो ते बोललो.”

त्या आठवड्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी विचारलं, “काय दुखतंय?” ते म्हणाले, “माझं काही नाही. तुमची बहीण कोर्टात चालत जाते ना? रस्ता फार वाईट आहे.” आणि उठून निघून गेले. पाठोपाठ ड्रायव्हरकाकांना डेपोतून नेलं. प्रवासी बसलेले, इंजिन सुरू, आणि काका खाली उतरून एका गाडीत बसले. काकूंना सांगितलं गेलं, “साधी चौकशी आहे, संध्याकाळी येतील.” संध्याकाळ रोज येत राहिली, काका आले नाहीत.

ताई, हात ओढू नका. बोलू द्या मला.

डॉक्टरांना वाटलं, कुठेतरी गैरसमज झालाय. “आपलीच माणसं आहेत, ताई. मी बोलतो.” ते गेले, ताई गेल्या, आणि जागा ग्रंथालयाची म्हणून मलाही बोलावणं आलं. प्रशासक महोदयांचं, म्हणजे आजच्या आपल्या अध्यक्षांचं, कार्यालय फार नेटकं आहे. मऊ गालिचा, पावलांचा आवाज येत नाही. अध्यक्ष अत्यंत सौजन्याने बोलले, हे मी मुद्दाम नमूद करते. म्हणाले, “नर्सबाईंबद्दल आमची तक्रार नाही. विरोधक विरोध करणारच.”

डॉक्टरांनी विचारलं, “मग काकांनी काय केलं? ते तर तुमच्याच बाजूचे.”

“होते. त्यांनी मत बदललं. तेही सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.”

डॉक्टरांना सवयच जडलेली. ते म्हणाले, “म्हणजे तुमचं म्हणणं असं, की लोकांनी एकमेकांवर ओरडलेलं चालेल, एकमेकांची डोकी फोडलेलीही चालतील, पण समोरच्याचं ऐकून कुणी विचार करायला लागला, तर धोका. बरोबर?”

अध्यक्ष हसले. “अगदी बरोबर. छान मांडलंत.”

इतक्या पाहुण्यांमध्ये इतक्या चटकन मान डोलावणारं कुणी मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्यांच्यासाठी हा माणूस आयुष्यभर बहिणीशी भांडला, त्यांनीच त्याला सांगितलं होतं की ताईंचं खरं आहे.

मग अट आली. पॉडकास्ट बंद करायचा, दोघांनी शहर सोडायचं, आणि हे सगळं स्वखुशीने चाललंय असं जाहीर करायचं. तसं केलं तर काका घरी येतील. ताईंनी एकच विचारलं, “कधी?” उत्तर आलं, “तुमचं सामान हललं की.” ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. मी पहिल्यांदाच त्या दोघांना वाद न घालता उठताना पाहिलं.

त्यानंतर गावात काय काय बोललं गेलं! विकले गेले, भ्यायले, परदेशात घर मिळालं. दवाखान्याच्या शटरवर कुणीतरी ‘पळपुटे’ असं रंगवलं. डॉक्टरांनी ते पुसलं नाही, तेच शटर वर करून पेशंट तपासत राहिले. तुमच्यापैकी कित्येकांनी रस्त्यात त्यांना पाहून तोंड फिरवलं. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला खरं सांगायला कुणी मोकळं नव्हतं. गप्प राहायची अट या दोघांनी मान्य केली. मला कुणी विचारलंच नाही. भिंतीसारखी बसले होते ना!

सामान काल गेलं. काका आज सकाळी घरी आले. ते इथे आहेत, काकूंच्या शेजारी. नाही काका, उठू नका. टाळ्याही नकोत, कृपा करा. आवाजाने ते दचकतात. काकू सांगत होत्या, घरात आल्यापासून बूट काढायला तयार नाहीत. काही बोलतही नाहीत.

माइक गेला वाटतं. असू दे. मागे ऐकू येतंय ना? दार कशाला लावलं? बरं.

ताई, डॉक्टर, तुम्ही कुठे जाताय हे आम्हाला विचारायची परवानगी नाही. तुम्ही का जाताय, ते मात्र आता या सभागृहातल्या प्रत्येकाला कळलंय, आणि ते कुणाला परत घेता येणार नाही. एका माणसाला घरी आणायला तुम्ही घर सोडलंत. जिथे असाल तिथे सोबत राहा. भांडत राहा.

अध्यक्षांनी वेळ काढला, सभागृहाच्या सेवकांनी सकाळपासून खपून खुर्च्या मांडल्या, आणि तुम्ही शेवटपर्यंत जागचे हलला नाहीत, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, अधिकउणा शब्द गेला असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला.

बाहेर पडताना एकटं कुणी जाऊ नका. काका-काकूंना मध्ये घ्या, ताई आणि डॉक्टरांना गाडीपर्यंत पोचवा, आणि गाडी सुटेपर्यंत तिथेच उभे राहा. माझ्यासाठी थांबू नका. अध्यक्षांनी मला कार्यक्रमानंतर चहाला थांबायला सांगितलंय. त्यांच्या माणसाने आत्ताच कानात येऊन निरोप दिला.

नमस्कार.