भजनांच्या कपाटातलं कृष्णविवर

कोल्हापूरच्या स्टँडवर मुरगूडची गाडी अजून लागली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर एक निवृत्त प्राध्यापक आणि एक म्हातारी बोलत होते.

“पावणं, कालेजात काय शिकवत हुतासा?”

“मराठी. कविता करायचो, विज्ञानावर.”

“म्हंजे सायन्सचं मास्तर?”

“नाही हो मावशी. सायन्सवाले म्हणायचे, हा कवी. मराठीवाले म्हणायचे, हा सायन्सचा. तीस वर्षं त्यातच गेली.”

“पुस्तक काढलंसा का न्हाय?”

“एकच. ‘कृष्णविवर’. म्हणजे मेलेला मोठा तारा. आत गेलेला उजेडही परत येत नाही. तुमच्या मुरगूडच्या वाचनालयानं ते कृष्णाच्या भजनांत लावलं.”

“आगं बया!”

“मागच्या महिन्यात बघायला गेलो, तर म्हणाले, हरवलं. जाऊ दे, कोण वाचणार होतं?”

“हरवलं न्हाय. म्या न्हेलंय.”

“तुम्ही?”

“मालक गेल्यावर. भजनाचं म्हणून न्हेलं. किस्नाचं नाव कुटं गावलं न्हाय.”

“फसलात की मग.”

“व्हय. पर ते उजेडाचं वाचलं, आन् परत द्यायला जीव हुईना. उशाला हाय अजून.”

“मग राहू द्या उशालाच. परत देऊ नका.”

“उठा पावणं, गाडी लागली.”