ती रायफल सहासष्ट होती

नाव देसांका मिलोश यानिच. वय ६४ वर्षे. धंदा निवृत्त शिक्षिका. शिक्षण बेलग्रेड विद्यापीठाची भौतिकशास्त्राची पदवी. राहणार गोर्न्या लिपा, शाळेच्या मागे. दिनांक ७ ऑक्टोबर २००३.

ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते ते येणेप्रमाणे.

मी अविवाहित असून वरील पत्त्यावर एकटी राहते. माझा थोरला भाऊ राडिसाव यानिच याचे घर याच गावात, पाणवठ्याच्या वर आहे. अटकेत असलेला व्लादान हा त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. तो लहान असताना त्याची आई वारली. त्यानंतर शाळा संपेपर्यंत तो माझ्याकडे राहिला. आत्या या नात्याने मी जबाब देण्यास नकार देऊ शकते, हे मला ठाणे अंमलदारांनी दोनदा सांगितले. मला ते पहिल्या वेळेसच समजले होते.

युगोस्लाविया होता तेव्हा शाळेत संरक्षण हा विषय असे. भौतिकशास्त्राबरोबर तो मीच शिकवीत असे. मुलामुलींना बाकावर रायफल सुटी करून पुन्हा जोडावी लागे. त्यामुळे या भागात ज्या रायफलीला सगळे पापोव्का म्हणतात, तिची मला पुरती माहिती आहे. व्लादान माझ्याच वर्गात होता.

पापोव्का दोन प्रकारची आहे. लोक त्यांना एकोणसाठ आणि सहासष्ट म्हणतात. दोन्हींना घडीची संगीन आहे, दोन्हींत दहा गोळ्या मावतात, आणि लाकूड सारखेच असल्याने लांबून फरक कळत नाही. एकोणसाठमध्ये गोळी सुटली की तिचा गॅस दट्ट्याला मागे ढकलतो, नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी लांब उडते आणि पुढची गोळी आपोआप आत बसते. आपण फक्त चाप ओढायचा. सहासष्टमध्येही हेच होते; पण तिच्या तोंडावर ग्रेनेड बसवण्यासाठी लांब नळकांडे आहे आणि वरच्या बाजूला गॅस बंद करण्याची कळ आहे. ग्रेनेडला सगळा जोर लागतो म्हणून ती दिलेली आहे. कळ बंद असली की गोळी सुटते, पण बोल्ट जागचा हलत नाही. तो प्रत्येक वेळी हाताने ओढावा लागतो. एकोणसाठला ही कळ नाही.

माझ्या भावाच्या घरी दोन्ही प्रकारची एकेक रायफल होती. त्यांचा परवाना नव्हता. एकोणसाठ ही, युगोस्लाविया फुटला तेव्हाची लढाई संपल्यापासून ग्रीसमध्ये बुडवून, ताडपत्रीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेली होती. सहासष्ट वापरात होती.

रविवारी माझी भाची बिल्याना हिचे लग्न होते. नवरदेव मिलुतिन तेर्झिच आणि त्याची माणसे दुपारी दारात आली. आमच्याकडे नवरदेवाने मुलीच्या अंगणातले काठीवर टांगलेले सफरचंद गोळीने पाडल्याशिवाय फाटक उघडत नाहीत. सफरचंद अक्रोडाच्या शेंड्याला बांधलेल्या काठीवर होते. रायफल मुलीकडच्यांनी द्यायची असे ठरले होते. वरात येण्यापूर्वी व्लादान ओट्यावर बसून सहासष्टची कळ बंद करीत होता, ते मी पाहिले. मी म्हटले, "हा पोरकटपणा कशाला?"

तो म्हणाला, "आत्या, नवरदेवाला थोडा घाम तर फुटू दे. बहीण फुकट नेणार का?"

माझा भाऊ तिथे उभा होता. तो हसला. म्हणजे कळ बंद आहे हे त्यालाही ठाऊक होते.

फाटकातून रायफल देताना व्लादान म्हणाला, "घ्या जावईबापू. सफरचंद पाडलं तर बहीण तुमची. नाही पाडलं तर घरी जाऊन आईच्या हातची कोबीची भाजी खा."

मिलुतिनची पहिली गोळी चुकली. त्याने पुन्हा चाप ओढला तेव्हा काहीच झाले नाही. "अरे, लग्नाआधीच दमली!" असे कोणीतरी ओरडले. व्लादान म्हणाला, "ओढा, ओढा! विहिरीचा रहाट समजा." मिलुतिन स्वतःही हसत होता. तो हाताने बोल्ट ओढत राहिला आणि चौथ्या गोळीला सफरचंद पडले. फाटक उघडले. त्याने रायफल त्याचा थोरला भाऊ ओब्राद तेर्झिच याच्या हातात दिली आणि तो बिल्यानाकडे गेला. इथे हा विषय संपायला हवा होता.

ओब्राद पायरीपाशी आला. व्लादान तिथे पाहुण्यांसाठी पेले भरीत होता. ओब्राद म्हणाला, "ही बंदूक या घरच्या पोरासारखीच आहे. एकदा ठो करते आणि गप्प बसते."

माझा भाऊ म्हणाला, "ओब्राद, सोयरा म्हणून आलायस. दोन घास खा, आनंदात राहा."

ओब्राद म्हणाला, "कसला सोयरा? माझा मधला भाऊ खंदकात मेला. त्याच खंदकातून तुमचा हा पळाला आणि आत्याच्या पलंगाखाली सापडला. आज याच्या हातची दारू पिऊ मी?"

व्लादान म्हणाला, "पलंगाखाली नव्हतो. माळ्यावर होतो."

लोक हसले. ओब्राद हसला नाही. त्याने रायफल उलटी धरून दस्ता व्लादानच्या तोंडावर मारला. दात पायरीवर पडले. तो वाकला तेव्हा ओब्रादने दुसरा तडाखा बरगडीवर दिला. मिलुतिन धावत आला आणि त्याने भावाला मागे ओढले. ओब्रादने रायफल बाकावर फेकली. तो म्हणाला, "घे. तुझीच आहे. तुला थोडीच चालवता येते?" आणि पाठ फिरवून तो हौदावर हात धुवायला गेला. त्याने कळीला हात लावला नाही. दुसऱ्या कोणीही लावला नाही.

व्लादानने रायफल उचलली आणि बोल्ट ओढून सोडला. गोळी सुटली. ती ओब्रादच्या मांडीत मागून शिरली. तो हौदाच्या कडेवर पडला. अकॉर्डियन तेव्हाही वाजत होते.

या पहिल्या गोळीबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही. बोल्ट सोडल्याबरोबर आवाज झाला. जुन्या रायफलीची गोळीवर आदळणारी पिन पुढे अडकली तर असे होऊ शकते. चाप ओढलेलाही असू शकतो. त्याचे बोट मला दिसले नाही.

ओब्राद वळून बसता झाला आणि म्हणाला, "व्लादो, बस. लागली मला. बस झालं." मी व्लादानला मोठ्याने हाक मारली आणि म्हटले, "खाली ठेव ती." त्याने माझ्याकडे पाहिले. नंतर त्याने बोल्ट ओढला. तो अर्धवट ओढला तर पुंगळी अडकते. त्याने तो पूर्ण ओढला. दुसरी गोळी छातीत लागली. त्याने पुन्हा बोल्ट ओढला. तिसरी गोळी ओब्राद उताणा पडलेला असताना तोंडात लागली. खालचा जबडा राहिला नाही. बिल्याना डोक्यावरची ओढणी काढून ती जखमेत कोंबत होती. तेव्हा तो मेलेला होता. हे तिला मी सांगितले.

व्लादानने रायफल भिंतीला टेकवून ठेवली आणि तो पायरीवर बसला. तेर्झिचांकडच्या माणसांनी त्याला लाथांनी मारले. त्याने हात वर केला नाही. मिलुतिनने त्यांना आवरले, नाहीतर तुमच्याकडे दोन प्रेते आली असती.

त्या गडबडीत माझ्या भावाने सहासष्ट उचलून मागच्या छपरात नेली. मी त्याच्या मागे गेले. तिथे दारूसाठी आंबत घातलेल्या आलुबुखारांच्या रसायनाची पिंपे आहेत. त्याने दारापासून दुसऱ्या पिंपात रायफल खाली ढकलली. बोल्ट उघडला नाही. नंतर माळ्यावरून एकोणसाठ आणून तिचे ग्रीस वरवर पुसले. ती त्याने तुमच्या हवालदारांच्या स्वाधीन केली. ग्रीसने पिन अडकून बंदूक आपोआप चालत सुटली, त्यात तीनच गोळ्या होत्या, व्लादानने फक्त बोल्ट सोडला, असे त्याने आणि आमच्या इतर नातेवाइकांनी सांगितल्याचे मला कळले. तेर्झिचांकडचे लोक याच्या उलट सांगतात. दोन्हीकडचे आपापल्या माणसाच्या बाजूने बोलतात, म्हणून कोणाचेच धरता येत नाही, असे साहेब म्हणाले.

एकोणसाठ अशी चालत सुटू शकते. हे खरे आहे, आणि माझ्या भावाला ते मीच पूर्वी कधीतरी सांगितले होते. परंतु तसे झाले असते तर तिन्ही गोळ्या एका दमात सुटल्या असत्या आणि ओब्रादला तीन वाक्ये बोलायला सवड मिळाली नसती. पुंगळ्या अंगणात लांब उडाल्या असत्या. तुम्हाला तीन पुंगळ्या पायरीपाशी, एकीजवळ एक सापडल्या. हाताने ओढल्यावर त्या अशाच पडतात. त्यांतली एक मिलुतिनच्या शेवटच्या गोळीची आहे. व्लादानच्या तिसऱ्या गोळीची पुंगळी अजून सहासष्टच्या नळीत असेल, कारण त्यानंतर बोल्ट कोणी ओढलेला नाही. पिंपातून रायफल काढाल तेव्हा पंचांसमोर उघडा. कळही बंदच सापडेल. हे सापडले नाही तर माझा जबाब खोटा समजावा.

सोमवारी माझा भाऊ माझ्याकडे आला होता. तो म्हणाला, "देसा, अपघात ठरला तर दोन-तीन वर्षांत सुटेल. नाहीतर मी मरेपर्यंत येत नाही तो. तू काही खोटं बोलू नकोस. फक्त ठाण्यात जाऊ नकोस."

मी म्हटले, "ओब्राद जमिनीवर बसून बोलत होता, राडे."

तो म्हणाला, "त्याने दात पाडले पोराचे! आणि रक्त कोणाचं आहे, याचा तरी विचार कर."

मी म्हटले, "अंगणातलं? तेर्झिचांचं."

मी वाढलेले सूप त्याने घेतले नाही. जाताना त्याने विचारले, "तुला तो आई म्हणायचा, आठवतं का?" तो मला आत्याच म्हणत असे. झोपेत काय म्हणत असे ते भावाला कोणी सांगितले, मला माहीत नाही.

ओब्रादने दस्त्याने दोनदा मारले आणि त्याआधी व्लादानने कोणालाही हात लावलेला नव्हता, हे ठळक लिहावे अशी माझी विनंती आहे. कळ बंद केली तेव्हा त्याच्या मनात चेष्टेपलीकडे काही नव्हते, हेही लिहावे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून सांगते.

लिहून घेतलेले सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. "त्याने माझ्याकडे पाहिले" हे वाक्य सुटले होते, ते माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या गोळीच्या आधी घातले. त्याने का पाहिले, असे साहेबांनी विचारले. ते त्यालाच विचारावे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून बरोबर आहे. कोणाच्या दबावाखाली मी काही सांगितलेले नाही. बाहेर बाकावर माझा भाऊ बसला आहे, तेव्हा मागच्या दाराने सोडतो, असे साहेब म्हणाले. मी पुढच्या दाराने जाईन.

सही: देसांका यानिच