मॉरिशसहून आलेला नातू

१९४६ साली मी उंब्रजला मोटारीची वाट बघत होतो. शेजारी मॉरिशसहून आलेला एक पाहुणा दमून बसला होता. एक म्हातारी त्याच्यापाशी आली.

"हंबीररावाच्या मान्सांना हुडकतोय, त्यो तूच का रं?"

"होय, आजी. ते माझे आजोबा. उसाच्या कामाला बोटीनं तिकडं गेले. आठ दिवस हिंडलो, कुणी सापडलं नाही."

"मी त्येची लेक. मी पोटात हुते तवा गेला. लोक म्हनायचे, बोट बुडाली. पर माजी आय मरंस्तवर कुंकू लावत हुती."

"तिकडं त्यांनी दुसरं लग्न केलं. मी त्या घरचा."

"बरं झालं, आय आज न्हाई."

"मी निघतो, आजी."

"कुटं निगालास? मी तुजी आत्या हाय. लय दमलास. मोटार जाऊ दे, घरी चल."