जानेवारीतली वाघीण

आमच्या आईचं डोकं कसं चालतं ते सांगतो, चहा घेता घेता ऐका. मी परदेशात राहतो त्या बुकित बातोकला आमच्या शेजारच्या आंटीच्या मुलाचं लग्न ठरत होतं. आंटी चिनी, पण इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे चिनी पंचांग तिला वाचता येईना. वाघाच्या वर्षात जन्मलेली सून मात्र नको, एवढं तिचं पक्कं होतं.

मी तेव्हा हौसेने एक प्रोग्राम लिहिला होता. सन टाकला की साठ चिनी वर्षांपैकी कुठलं, ते नाव यायचं. मुलगी जानेवारी १९८६ची. उत्तर आलं, अग्नी-वाघ. आंटीचा चेहरा पडला.

"कॅन्सल लाह," ती तिकडच्या लकबीत म्हणाली.

पुण्याहून आलेली आई तिथेच मटार सोलत होती. तिला सगळं सांगितलं.

"अरे, आपलीही साठच संवत्सरं," आई म्हणाली, "पण नाव बदलतं ते पाडव्याला. त्या जानेवारीत यांचा पाडवा झाला होता का?"

शोधलं, तर त्यांचं नवीन वर्ष फेब्रुवारीत लागलेलं. म्हणजे मुलगी आदल्या वर्षाची, काष्ठ-बैल.

लग्नाला आंटीने आईला पुण्याहून मुद्दाम बोलावून घेतलं आणि नवरीच्या शेजारी बसवलं. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मला टेबल मिळालं ते टॉयलेटच्या दाराशी.